मँगनीज वाढवले, तरी चुंबकत्व तिथेच का?

प्रश्न : गॅलियम आर्सेनाइड या अर्धवाहकाच्या थरात मँगनीज ५ वरून ८ टक्क्यांवर नेले, तरी क्युरी तापमान (ज्याच्या वर चुंबकत्व नाहीसे होते ते तापमान) जवळजवळ तेवढेच राहिले. असे का?

उत्तर : मँगनीज किती घातले यापेक्षा ते कुठे बसले, हे आधी बघा. गॅलियमच्या जागी बसलेला अणू स्वतःचे चुंबकीय आघूर्ण (म्हणजे जणू छोटासा चुंबक) आणतो आणि एक होलही (इलेक्ट्रॉनची रिकामी जागा, जी धन प्रभारासारखी फिरते) देतो. लांबलांबच्या आघूर्णांना एका दिशेत ठेवण्याचे काम हे होल करतात. प्रमाण वाढले की काही अणू स्फटिकाच्या जाळीच्या फटींत शिरतात. तिथला प्रत्येक अणू दोन होल खातो, वर शेजारच्या मँगनीजशी उलट्या दिशेने जोडला जातो. नुकसान दुहेरी!

यावर उपाय म्हणजे थर वाढवून झाल्यावर बाहेर काढून हवेत, तो ज्या तापमानाला वाढवला त्यापेक्षा थोडे खाली, साधारण १८० ते २०० अंश सेल्सियसला काही तास तापवा. फटींतले अणू पृष्ठभागावर येतात आणि ऑक्सिजनशी संयोग पावून तिथेच अडकतात. थर ५० नॅनोमीटरहून जाड असेल किंवा वर गॅलियम आर्सेनाइडचे आवरण असेल, तर असे तापवून फारसा फायदा होत नाही.

थर वाढवतानाचे तापमान मात्र चढवू नका. ते २५० अंशांच्या आसपासच हवे. शुद्ध गॅलियम आर्सेनाइडसाठी नेहमीच्या ५८० अंशांना मँगनीज आर्सेनाइडच्या गुठळ्या होतात. त्यांचे क्युरी तापमान सुमारे ४० अंश सेल्सियस. गुठळ्या नसलेल्या चांगल्या थराचे २०० केल्विनच्या (उणे ७३ अंश सेल्सियस) आसपासच थांबते. त्यामुळे खोलीच्या तापमानाला हिस्टेरिसिस (बाहेरचे चुंबकीय क्षेत्र काढल्यावरही चुंबकत्व मागे राहणे) दिसला, तर आनंद मानण्याआधी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली गुठळ्या शोधा.