आधी ब्रेक, मग रंग

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

आजोबांची 1975 ची पद्मिनी तुझ्या ताब्यात आली हे वाचून फार आनंद झाला. रॅलीच्या आधी रंग कुठला द्यावा, असं विचारलंयस. रंगाचं सगळ्यात शेवटी बघू. गाडी आधी नीट थांबली पाहिजे, मग तापायची थांबली पाहिजे.

पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक. तापले की पकड सोडतात. पाचगणीहून पसरणी घाट उतरताना पेडलवर पाय ठेवून बसू नकोस. गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाक आणि इंजिनालाच तिला धरू दे. स्टिअरिंगवरच्या गिअरला हात बसायला वेळ लागतो, म्हणून सराव आधी सपाटीवर कर. ब्रेकचे होज, म्हणजे रबरी नळ्या, आणि चाकातल्या ब्रेक सिलिंडरचे रबर नवे घाल. पेट्रोलच्या नळ्याही बदल. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं, त्याने जुनं रबर फुगतं आणि चिरतं. बॉनेटखाली गळती म्हणजे थेट आगीशी गाठ.

उन्हाळ्यात चढावर किंवा ट्रॅफिकमध्ये गाडी आचके देत बंद पडेल. घाबरू नकोस. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप इंजिनालाच बसवलेला, इंजिनाच्या उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि पंपाला ती पुढे ढकलता येत नाही. स्टार्टर मारत राहिलीस तर बॅटरी उतरेल, बाकी काही नाही. बॉनेट उघड, पंपावर ओलं फडकं टाक आणि थांब. इंजिन निवलं की ती आपणहून सुरू होते. एखादा जुना पंचा डिकीत कायम असू दे.

आणखी एक. पन्नास वर्षं झालेल्या गाड्यांना 2021 च्या नियमांनुसार ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज नंबर मिळतो. चॅसी, बॉडी, इंजिन मूळचं हवं, ते तर तुझ्याकडे आहेच. पण घाई नको. तो घेतलास की रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच गाडी बाहेर काढता येते. मला ही गाडी दर रविवारी रस्त्यावर बघायची आहे. उभ्या गाडीची सगळी रबरी सील सुकतात.

रॅलीत आपली साधी गाडी कशी टिकणार, म्हणतेस. 1968 ची लंडन–सिडनी मॅरेथॉन ही मोटारींची शर्यत आठव. गाड्या लंडनहून रस्त्याने मुंबईला आल्या आणि इथून ‘चुसान’ बोटीने ऑस्ट्रेलियाला गेल्या. मुंबईत पोचताना लोटस कॉर्टिनातला रॉजर क्लार्क पुढे होता. ऑस्ट्रेलियात त्याच्या गाडीने दगा दिला. मग सित्रोएनमधला ल्युसियाँ बियांकी आघाडीवर होता, त्याचा शेवटाजवळ भीषण अपघात झाला. मागून येणारा पॅडी हॉपकर्क मदतीसाठी थांबला, आणि तरीही दुसरा आला. जिंकली अँड्र्यू कोवनची हिलमन हंटर, घरगुती वापरातली साधी सलून! मला तर हॉपकर्कचं थांबणं त्या विजयाइतकंच मोठं वाटतं.

तुझी रॅली टीएसडी, म्हणजे टाइम-स्पीड-डिस्टन्स आहे; ठरलेलं अंतर ठरलेल्या वेळात गाठायचं, वेगाची शर्यत नाहीच. ताशी 36 किलोमीटरची सरासरी दिली तर 12 किलोमीटरला बरोबर 20 मिनिटं. लवकर पोचलीस तरी दंड. तेव्हा शेजारी शांत डोक्याचा, रोडबुक, म्हणजे वाटेच्या सूचनांची वही, न चुकता वाचणारा माणूस बसव. आणि आधी आजोबांच्या गाडीचा ओडोमीटर महामार्गावरच्या किलोमीटरच्या दगडांशी ताडून बघ. तो किती चुकतो ते मला कळव.

तुझा,
काका