वाचकांचे प्रश्न : पान आणि पडदा

प्रश्न : सार्वजनिक वाचनालयातून (सावाना) आणून ‘शाळा’ कादंबरी वाचली आणि त्याच आठवड्यात चित्रपटही पाहिला. चित्रपट वाईट नाही, पण कादंबरीतला मुकुंदा काही त्यात सापडला नाही. मुलानं काम तर छान केलंय, मग बिनसलं कुठे?
– एक वाचक, पंचवटी

उत्तर : अभिनयात नव्हे, सर्वनामात बिनसलं. मिलिंद बोकील यांची कादंबरी पहिल्या पानापासून ‘मी’च्या तोंडची आहे. नववीतला मुकुंदा त्याला आवडणाऱ्या वर्गातल्या शिरोडकरशी बोलतो थोडं, मनात घोळवतो ढीगभर. कादंबरीची सगळी गंमत त्या मनातल्या बडबडीत आहे. शिवाय पटकथेचं एक पान म्हणजे ढोबळमानानं पडद्यावरचं एक मिनिट. तीनशेच्या आसपास पानं सव्वाशे मिनिटांच्या आत बसवायची म्हटल्यावर पहिली कात्री बडबडीलाच लागते. सगळी निवेदनात घातली असती तर चित्रपटाची श्रुतिका झाली असती. म्हणून सुजय डहाके यांच्या चित्रपटात (२०१२) मुकुंदा बराचसा नुसता बघत राहिलेला दिसतो.

आता ‘बनगरवाडी’ घ्या. तीही ‘मी’नेच सांगितलेली. पण व्यंकटेश माडगूळकरांचा मास्तर स्वतःबद्दल कमी आणि कारभारी, मेंढरं, दुष्काळ यांबद्दल जास्त सांगतो. असा ‘मी’ बाजूला सरकला की त्याच्या जागी कॅमेरा उभा राहू शकतो. कादंबरी मुळात आटोपशीर, त्यामुळे चित्रपट करताना (१९९५) अमोल पालेकरांना काटछाटही कमी करावी लागली असणार.

पुढच्या वेळी असं करा. कादंबरीतली कुठलीही दोन पानं घ्या आणि डोळ्यांना दिसेल किंवा कानांना ऐकू येईल अशा प्रत्येक वाक्याखाली पेन्सिलीनं रेघ ओढा. (वाचनालयाच्या प्रतीवर नको, झेरॉक्सवर.) निम्म्याहून जास्त वाक्यं कोरी राहिली तर आधी पुस्तक वाचा, चित्रपट आधी पाहिलात तर तो मनातला आवाज मग सहजी ऐकू येत नाही.

प्रश्न : ‘सिंहासन’ चित्रपट पाहून कादंबरी घेतली, तर अर्धी गोष्ट गायब! आवृत्ती संक्षिप्त आहे का?
– सिडको

उत्तर : नाही. १९७९ चा तो चित्रपट अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्यांवर आहे, ‘मुंबई दिनांक’ आणि ‘सिंहासन’. विजय तेंडुलकरांनी पटकथेत त्या एकत्र विणल्या. ‘मुंबई दिनांक’ही आणा, उरलेला माल तिच्यात आहे. इथे मात्र चित्रपट आधी पाहिलात ते बरंच झालं. एवढ्या मंत्र्या-पुढाऱ्यांना चेहरे मिळाले की नावांचा गोंधळ होत नाही.

प्रश्न : आमच्या वाचक मंडळात ‘श्यामची आई’ – पुस्तक आणि दोन्ही चित्रपट – एका संध्याकाळी घ्यायचं आहे. जमेल का?
– नाशिकरोड

उत्तर : पूर्ण चित्रपट लावाल तर चर्चा राहील बाजूला आणि लोक घड्याळं बघतील. एकच ‘रात्र’ (पुस्तकातल्या प्रकरणांना असंच नाव आहे) निवडा. ‘थोर अश्रू’ चांगली, लहान आहे. ती मोठ्यानं वाचा, मग अत्र्यांच्या (१९५३) आणि डहाक्यांच्या (२०२३) चित्रपटांतले आई-श्यामचे प्रत्येकी दहा मिनिटांचे तुकडे दाखवा. कुठल्या मिनिटाला सुरू करायचं ते आदल्या दिवशी लिहून ठेवा, नाहीतर अर्धा तास शोधाशोधीत जातो. सुरुवात करताना एवढं जरूर सांगा, की हे पुस्तक साने गुरुजींनी फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्याच तुरुंगात, अवघ्या पाच दिवसांत लिहिलं.

परवानगीचंही पाहा. गुरुजी १९५० मध्ये गेले. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क राहतो, तो २०१० अखेर संपला. चित्रपटाची साठ वर्षं प्रदर्शनापासून मोजतात, म्हणून अत्र्यांचाही मोकळा आहे. २०२३ चा नाही. घरच्या ओटीटी वर्गणीवर तो सभागृहात लावता येत नाही, निर्मात्यांकडून लेखी होकार घ्या. पत्र महिनाभर आधी टाका.