हॉटस्पॉट चालू, पण नेट कुठं अडतंय?

हॉटस्पॉटच्या शंका इतक्या आल्या की या वेळचा सगळा रकाना त्यांनाच दिला आहे. आधी एक गोष्ट ध्यानात घ्या. हॉटस्पॉटमध्ये नेट दोन टप्प्यांत येतं: टॉवरपासून मोबाईलपर्यंत सिमवर, आणि मोबाईलपासून लॅपटॉपपर्यंत वाय-फायवर. कुठला टप्पा अडला हे बघायला हॉटस्पॉट देणाऱ्या मोबाईलवरच एखादं पान उघडा. तिथंही रखडलं तर दोष टॉवरकडचा. तिथं पळालं आणि लॅपटॉपवर रखडलं, तर वाय-फायकडचा किंवा लॅपटॉपचा.

प्रश्न (पाटोदा, जि. बीड): वस्तीवर पत्र्याचं घर आहे. दारात मोबाईलवर नेट पळतं, आत लॅपटॉपवर पीक विम्याचा अर्ज उघडतो पण कागद अपलोड होत नाहीत. नवा मोबाईल घ्यावा का?

उत्तर: मोबाईल राहू द्या, त्याची जागा बदला. पत्रा रेडिओ लहरी परतवतो. मोबाईल आत नेला की टॉवरचा टप्पा कमजोर होतो. बाहेर ठेवला तर वाय-फायला पत्र्यातून यावं लागतं. जुन्या माळवदात हेच काम दोन-दोन फुटी मातीच्या भिंती करतात.

रेंजच्या काड्यांवर विसंबू नका, आकडा बघा. बहुतेक अँड्रॉइड मोबाईलमध्ये तो सेटिंग्ज → अबाउट फोन → सिम स्टेटस → सिग्नल स्ट्रेंग्थ इथं दिसतो. कंपनीगणिक नावं थोडी बदलतात. आकडा उणे असतो. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर उत्तम, उणे १०५ पर्यंत काम निभतं. उणे ११५ च्या पुढं गेला की पान कसंबसं उघडतं, पण फाईल चढत नाही. टॉवरचा आवाज मोठा, मोबाईलचा बारीक. त्यामुळं रेंजच्या कडेला आधी अपलोड मरतं. तुमच्याकडं नेमकं हेच होतंय.

घराभोवती चार-पाच ठिकाणी मोबाईल मिनिटभर स्थिर ठेवून आकडा लिहून घ्या. दार, खिडकी, ओटा, जमलं तर उंचावरची जागा. पाच-दहाचा फरकही कामात जाणवतो. चांगल्या जागेच्या जवळात जवळ लॅपटॉप आणा आणि वाय-फाय सोडून डेटा केबल जोडा. मग मोबाईलवर हॉटस्पॉट अँड टेदरिंग → यूएसबी टेदरिंग चालू करा. केबल लावल्याशिवाय हे बटण दाबलंच जात नाही. केबल लावूनही ते फिकट राहिलं तर केबल नुसत्या चार्जिंगची आहे, दुसरी बघा. लॅपटॉपचं वाय-फाय बंद ठेवा.

मोबाईलवर ५जी आणि ४जी सारखं आलटून-पालटून दिसत असेल तर मोबाईल नेटवर्क → प्रेफर्ड नेटवर्क टाइपमध्ये ४जी निवडा. दर अदलाबदलीत अर्ज अडकतो. एवढं करूनही आकडा सुधारला नाही तर शेजाऱ्याचं दुसऱ्या कंपनीचं सिम घालून बघा. ८५० आणि ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंतीतूनही बऱ्या शिरतात. २३०० च्या लवकर विरतात. वस्तीवर कुठल्या कंपनीच्या कुठल्या लहरी पोचतात यावर सगळं आहे. सिम विकत घेण्याआधी उसनं घालून बघितलेलं बरं.

प्रश्न (लातूर, खोली करून राहणारे विद्यार्थी): रोजचे २ जीबी. दोघं मित्र मोबाईलवर आणि एक लॅपटॉप, सगळे याच हॉटस्पॉटवर. दुपारी बारापर्यंत नेट संपतं. लेक्चर तर तासभरच बघतो.

उत्तर: लेक्चरचा हिशोब आधी. व्हिडिओ ४८० वर ठेवला तर तासाला साधारण अर्धा जीबी जातो, ७२० वर एक-दीड. तिघांनी आपापल्या पडद्यावर ४८० ला तासभर बघितलं की दीड जीबी तिथंच संपला. एकाच लॅपटॉपवर तिघांनी बसून बघितलं तर अर्ध्या जीबीत भागतं.

उरलेला बहुधा लॅपटॉप खातो. त्याला हॉटस्पॉट म्हणजे घरचं ब्रॉडबँड वाटतं, म्हणून तो मागच्या मागं विंडोजचे अपडेट उतरवतो, वनड्राइव्ह फोटो चढवतो. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज → नेटवर्क अँड इंटरनेट → वाय-फाय → प्रॉपर्टीज इथं जाऊन 'मीटर्ड कनेक्शन' (म्हणजे मोजून मिळणारं नेट) चालू करा. हे त्या-त्या हॉटस्पॉटच्या नावापुरतंच लागू होतं. नाव बदललं की पुन्हा करावं लागतं. अॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्जमधल्या 'डेटा युसेज'मध्ये कुठल्या अॅपनं किती खाल्लं ते दिसतं. तिथं एकदा डोकवाच. मित्रांच्या मोबाईलवर वाय-फायच्या नावापुढच्या चाकावर जाऊन हेच 'मीटर्ड' करा. व्हॉट्सअॅपमध्ये वाय-फायवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरायचंही बंद करा, नाहीतर गावाकडच्या ग्रुपवरचे लग्नाचे व्हिडिओ तुमच्या २ जीबीतून जातील.

कोटा संपल्यावर बऱ्याच प्लॅनमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं १ एमबीचा फोटो चढायला दोन मिनिटांवर लागतात. सीईटीचा अर्ज भरायचा असेल त्या दिवशी व्हिडिओ नंतर बघा.

प्रश्न (परभणी): उन्हाळ्यात हॉटस्पॉट लावला की मोबाईल तापतो आणि हॉटस्पॉट आपोआप बंद पडतो. बिघाड आहे का?

उत्तर: बंद पडतो तो स्वतःला वाचवायला. आयफोनसाठी अॅपलनंच वापराची मर्यादा भोवतालच्या ३५ अंशांपर्यंत दिली आहे. आपल्याकडं मे महिन्यात सावलीतही पारा चाळिशी ओलांडतो. हॉटस्पॉट देताना मोबाईल टॉवरशी बोलतो, वाय-फाय सोडतो आणि वर आपण चार्जरही लावून ठेवतो. रेंज कमी असेल तर तो आणखी जोर लावतो. कव्हर काढा, गादीवर किंवा खिशात न ठेवता फरशीवर किंवा पंख्याखाली ठेवा, स्क्रीन बंद करा. आधी ८० टक्के चार्ज करून घ्या आणि मग चार्जर काढून हॉटस्पॉट लावा. गार करायला फ्रीजमध्ये ठेवू नका, आत पाणी सुटतं. पाठ फुगलेली दिसली तर वापर तिथंच थांबवून बॅटरी बदलून घ्या.

मोबाईल गारच असून हॉटस्पॉट दहा-एक मिनिटांनी बंद होत असेल, तर कुणी जोडलेलं नसल्यावर आपोआप बंद होण्याची सेटिंग चालू आहे. ती काढता येते.

आणि लाईट गेल्यावर दीड-दोन तासांनी रेंजच जात असेल, तर टॉवरची बॅटरी उतरली असं समजा. बऱ्याचदा एकाच टॉवरवर दोन कंपन्या असतात, त्यामुळं दुसरं सिमही तेव्हाच मुकं होतं.

प्रश्न (उदगीर): मुलाच्या मोबाईलवर माझा हॉटस्पॉट दिसतो, जुन्या लॅपटॉपवर नावच येत नाही.

उत्तर: बहुधा हॉटस्पॉटचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झच्या लहरींवर आहे (हे ५जी नव्हे) आणि लॅपटॉपला २.४ च्याच कळतात. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोन १२ किंवा त्यानंतरचा असेल तर पर्सनल हॉटस्पॉटमध्ये 'मॅक्सिमाइज कम्पॅटिबिलिटी' चालू करा.

प्रश्न (किनवट, जि. नांदेड): शेतात माझ्या सिमला रेंज नाही, भावाच्या आहे. त्याच्या हॉटस्पॉटवर ई-पीक पाहणी होईल का?

उत्तर: माहिती पाठवण्यापुरतं नेट भावाचं चालेल. शेताचं ठिकाण मोबाईल उपग्रहावरून घेतो, त्याला नेट लागत नाही. फक्त लोकेशन चालू ठेवून उघड्यावर उभे राहा, दाट झाडाखाली नको. अडचण ओटीपीची. तो तुमच्या नंबरवर एसएमएसनं येतो, त्याला तुमच्या सिमची रेंज लागते. म्हणून ओटीपीचं काम घरी रेंजमध्येच उरकून शेतात जा.

प्रश्न (जालना): हॉटस्पॉटला पासवर्ड नसला तर काय बिघडतं?

उत्तर: डेटा जातोच, शिवाय दुसऱ्यानं केलेला उद्योग तुमच्या नंबरच्या नावावर नोंदला जातो. सिक्युरिटी डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा. पासवर्ड किमान ८ अक्षरांचा लागतोच, पण मोबाईल नंबर ठेवू नका, तो गावाला पाठ असतो. जोडलेल्यांची यादी हॉटस्पॉटच्या पानावरच दिसते. अनोळखी नाव दिसलं तर पासवर्ड बदला. सगळे एकदम सुटतात, मग ज्यांना द्यायचा त्यांनाच नवा सांगा.