वाचकांचे प्रश्न : बारीक पोटऱ्या आणि उंच बूट

प्रश्न : माझी पोटरी 32 सेंमी आहे. गुडघ्यापर्यंतचे कुठलेही बूट घातले तरी वरच्या काठाशी चार बोटं सहज आत जातात. खरेदी करताना नेमकं काय पाहावं?

उत्तर : पोटरीचं माप संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडा भरलेला असतो. खुर्चीत बसून तळवा जमिनीवर सपाट टेकवा आणि सर्वांत जाड जागी टेप फिरवा. हाच बूट विजारीवर घालणार असाल तर विजारीवरूनच मोजा. या मापात दीड ते दोन सेंमी मिळवले की बुटाच्या नळीचा आतला घेर मिळतो, म्हणजे तुमच्यासाठी साधारण 34. बाजारातले मधल्या नंबरचे बहुतेक बूट 36 ते 38च्या आसपास असतात, त्यामुळे ही अडचण तुमच्या पायाची नाही, साच्याची आहे.

विक्रेता जो घेर सांगतो तो अनेकदा बाहेरून आणि एकाच नंबरच्या नमुन्यावर मोजलेला असतो. अस्तरासह चामडं 2 मिमी जाड असेल तर बाहेरचं माप आतल्यापेक्षा सुमारे सव्वा सेंमी जास्त भरतं. म्हणून ‘हे माप कुठल्या नंबरचं आणि आतून की बाहेरून?’ असं स्पष्ट विचारा. नंबर वाढला की घेरही वाढतो, त्यामुळे लांब पाऊल आणि बारीक पोटरी असणाऱ्यांची सर्वांत जास्त पंचाईत होते. घोडेस्वारीच्या बुटांत एकाच नंबरला वेगवेगळे घेर आणि उंची मिळते, तिथे जरूर शोधा. मागे इलॅस्टिकची पट्टी दिसली म्हणून भुलू नका. ती बहुधा जाड पोटरीला जागा मिळावी म्हणून असते. न ताणता घेर 34 भरतो का, एवढंच पाहा.

प्रश्न : आतल्या बाजूला चेन असलेले चामड्याचे बूट आहेत. आतला घेर 38 आहे, मला 34 हवा. शिवून लहान करता येतील का?

उत्तर : येतील. 38 चे 34 करायचे म्हणजे 4 सेंमी काढायचे. मागच्या शिवणीला धरून चिमटा घेतलात तर तो 2 सेंमीचाच हवा, कारण चिमट्यात चामडं दुहेरी येतं. ही चूक फार होते आणि कापल्यावर तिला उपाय नाही. खुणेसाठी टाचण्या नकोत, कापडी क्लिपा लावा. चामड्याला पडलेलं भोक कायमचं राहतं. नेहमीचे मोजे घालून, क्लिपा लावूनच दहा मिनिटं चाला, बसा, जिना चढा. मगच खडूने रेघ मारा.

ती रेघ कशी उतरते यावर सगळं अवलंबून आहे. फक्त वरचा काठ आवळला तर तो पोटरीला चावतो आणि खाली पिशवी लोंबते. टाचेच्या कडक भागाच्या वर शून्यापासून सुरुवात करून हळूहळू पोटरीपर्यंत 2 सेंमीवर जा. उतार 10 सेंमीपेक्षा कमी अंतरात आटोपला तर तिथे चुण्या पडतात. सगळं एकाच शिवणीतून काढलं की बाजूची चेन मागे ओढली जाते. म्हणून 3 सेंमीपेक्षा जास्त काढायचं असेल तर थोडं मागून आणि थोडं चेनीच्या दोन्ही बाजूंनी सारखं काढायला सांगा. तुमच्या बुटाला हेच करावं लागेल.

कारागीर आधी वरचा काठ उसवून अस्तर सोडवतो. अस्तर बाहेरच्या चामड्यापेक्षा 2-3 मिमी जास्त आत घ्यावं लागतं, नाहीतर आत सुरकुती राहते आणि पाय सोलतो. शिवणीला 5-6 मिमी चामडं ठेवून उरलेलं कापायचं, कडा तासून पातळ करायच्या, शिवण हातोडीने सपाट ठोकून वर पट्टी चिकटवायची. चामड्याची सुई, 100 किंवा 110 नंबर, नायलॉनचा दोरा आणि 3 ते साडेतीन मिमीचा टाका ठीक. टाके फार बारीक घातले तर तिकिटाच्या भोकांच्या रांगेसारखं चामडं तिथूनच फाटतं. रेक्झिन याहून नाजूक, त्यात शिवणीच्या मागे कापडी पट्टी हवीच. पापुद्रे सुटू लागलेल्या रेक्झिनवर मेहनत करू नका.

प्रश्न : माझ्या बुटांना चेनच नाही, ओढून घालावे लागतात. तेही आत घेता येतील?

उत्तर : इथे पोटरीआधी टाच मोजा. टाचेच्या मागच्या टोकावरून पावलाच्या वरच्या उंचवट्यापर्यंत तिरका टेप फिरवा. एवढा भाग नळीतून जायचा असतो, म्हणून नळी कुठेही या मापापेक्षा लहान करता येत नाही. बारीक पायाचंही हे माप अनेकदा पोटरीच्या जवळपास जातं. तरीही घोट्याशी बूट बसायला हवा असेल तर मागची शिवण उसवून तिथे चेन बसवून घ्या. चेन टाचेच्या कडक भागाच्या किंचित वर सुरू व्हावी, आणि तिच्या आत चामड्याची पट्टी असावी, म्हणजे दात पायाला घासत नाहीत.

प्रश्न : बूट कापायचे नाहीत, पण नळी घोट्याशी सारखी कोसळते.

उत्तर : सैलपणा वर दिसतो, पण सुरुवात बहुधा खालून होते. पाऊल आत घसरलं की टाच उचलली जाते आणि नळी घोट्यावर मोडते. आधी 3 मिमीचा आतला तळवा आणि टाचेला चिकटणारी मऊ गादी लावून पाहा. मग जाड लोकरी मोजा, त्यावर काठाशी दुमडलेला दुसरा मोजा. दोन सेंमीपर्यंतची पोकळी यात भरून निघते. घालत नसाल तेव्हा नळीत कागदाची घट्ट गुंडाळी उभी ठेवा. एकदा पडलेली घडी चामडं सहजासहजी सोडत नाही.