बेलाचे पान बाजूला ठेव

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

जिनिंगवर कापसाची गाडी खाली होण्याची वाट पाहत असताना सोबत्यांनी "तुम्ही तर तीन देव मानता" असे म्हटले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा मिळून एकच देव कसा, हे सांगायला तू बर्फ, पाणी व वाफ यांचे उदाहरण देऊन वेळ निभावलीस, हे तुझ्या पत्रातून कळले. ते उदाहरण पुन्हा देऊ नकोस. त्यातून एकच देव वेळेनुसार तीन सोंगे घेतो असा अर्थ निघतो, आणि सबेल्लियसच्या नावाने ओळखले जाणारे हे मत मंडळीने, म्हणजे चर्चने, तिसऱ्या शतकातच नाकारले. यार्देन नदीत पुत्र, म्हणजे येशू, बाप्तिस्मा घेऊन वर येतो, आत्मा कबुतरासारखा उतरतो आणि पित्याची वाणी आकाशातून होते, हे सारे एकाच वेळी घडते. तिथे सोंगांना जागाच नाही.

चूक तुझ्या एकट्याची नाही. मी संडे स्कूलमध्ये कित्येक वर्षे बेलाचे त्रिदळ दाखवून शिकवत असे. एका मुलाने त्यातले एक दळ खुडून माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, "गुरुजी, आता देव कमी झाला का?" मला उत्तर देता आले नाही. पिता हा देवाचा एक भाग नव्हे, तो पूर्ण देव आहे; पुत्रही पूर्ण देव आहे आणि आत्माही, तरीही देव एकच. मंडळी म्हणते, तत्त्व एक, व्यक्ती तीन. मात्र इथे "व्यक्ती" म्हणजे गावातली तीन वेगवेगळी माणसे असे समजू नकोस.

हा शब्दांचा कीस कशासाठी, असे तू विचारतोस. आलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत होता की पुत्र निर्माण केलेला आहे, सर्व सृष्टीत श्रेष्ठ, पण निर्मितच. 325 साली नायसिया येथील मंडळीच्या परिषदेने हे नाकारून पुत्र पित्याशी एकतत्त्व आहे असे ठरवले आणि 381 साली कॉन्स्टँटिनोपल येथे आत्म्याविषयीची कबुली अधिक स्पष्ट झाली. अरियसचे खरे मानले, तर देवाने आपल्याकडे एक अडत्या पाठवला एवढाच अर्थ उरतो, आणि अडत्याचा व्यवहार आपल्या शेतकऱ्याला समजावून सांगायला नको. वधस्तंभावर देव स्वतः आला होता की दुसरा कोणी, हाच तो प्रश्न होता.

मला याहूनही मोलाची वाटणारी गोष्ट योहानाच्या शुभवर्तमानाच्या सतराव्या अध्यायात आहे. जगाच्या उत्पत्तीपूर्वी पित्याने माझ्यावर प्रीती केली, असे येशू तिथे म्हणतो. देव प्रीती आहे हे वचन आपल्याकडे घराघरांतल्या भिंतींवर असते; पण सृष्टी नव्हती तेव्हा तो कोणावर प्रीती करीत होता? आपल्यावाचून त्याचे काही अडले नव्हते, म्हणूनच त्याने आपल्याला निर्माण केले ही निव्वळ कृपा ठरते.

सोबत्यांशी वाद घालू नकोस. आपण पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा घेतो, आणि तिथे "नावांनी" नव्हे, "नावाने" असा शब्द आहे, एवढे त्यांना सांग. वेचणी आटोपली की ये. योहानाचे चौदा ते सतरा हे अध्याय आपण ओळ न ओळ वाचू.

तुझा,
गुरुजी