'डू यू माइंड' विचारलं की मनात 'हरकत' आणा

ताई, तुम्ही विचारलंय की ऑफिसात परवानगी मागताना कॅन आय, कुड आय, मे आय यातलं कोणतं वापरायचं, आणि शेजारचा सहकारी सारखा लॅपटॉप मागायलाय त्याला उद्धट न वाटता नाही कसं म्हणायचं. मी लातूरला बरीच वर्षं स्पोकनचे क्लास घेतो, त्याआधी वाळूजला एका कंपनीत स्टोअरला होतो, तिथलंच आधी सांगतो.

आमचे साहेब तमिळनाडूकडचे, मराठी अजिबात नाही. एकदा म्हणाले, 'डू यू माइंड इफ आय चेंज युवर शिफ्ट?' मी पटकन 'येस सर, येस सर', त्यांचा चेहरा उतरला, शिफ्ट तशीच राहिली आणि मला कळंना की मी तर हो म्हणलो, मग झालं काय. माइंड म्हणजे आपली 'हरकत', म्हणजे माझ्या 'येस'चा अर्थ 'हो, हरकत आहे' असा झाला. 'चालेल का' विचारलं तर आपण हो म्हणतो, पण 'तुमची काही हरकत?' विचारलं तर 'नाही, काही हरकत नाही' असंच म्हणतो ना. तसंच 'नो, नॉट अ‍ॅट ऑल' म्हणलं की परवानगी दिली.

आता कॅन-कुड-मे. शाळेपासून 'मे आय कम इन सर' तोंडात बसलेलं, म्हणून पोरं पेन मागतानाही मे आय लावतात. चूक नाही, पण बरोबरीच्या माणसाला ते लईच अंतर ठेवल्यासारखं वाटतं, तिथं कॅन आय पुरे. साहेबाला, अनोळखी माणसाला कुड आय. कुड म्हणजे कॅनचा भूतकाळ असं शिकवलेलं असतं म्हणून बिचकतात, पण आपण कुणाच्या दारात जाऊन काय म्हणतो? 'जरा काम होतं तुमच्याकडं.' काम अजून व्हायचंय तरी 'होतं'. अगदी तेच! 'वुड यू माइंड इफ आय लेफ्ट अर्ली?' मधलं लेफ्ट पण तसंच, अजून कुणी गेलेलं नसतं. परवानगी देताना मात्र कुड नको, 'कुड आय यूज युवर फोन?' ला 'येस, यू कॅन' नाहीतर 'शुअर, गो अहेड'.

नकाराचं खरं अवघड आहे, कारण आपल्याकडं तोंडावर नाही म्हणत नाहीत, 'बघू' म्हणतात आणि ऐकणारा काय ते समजून घेतो. तेच इंग्रजीत 'आय विल सी' म्हणलं तर बाहेरचा माणूस आशेवर राहतो अन् दुसऱ्या दिवशी परत विचारतो, तुमचं बहुतेक हेच होतंय. नुसतं 'नो' किंवा 'यू कॅनॉट' पण नको, ते दार आपटल्यासारखं लागतं. 'आय एम अफ्रेड' नं सुरुवात करा, इथं त्याचा भीतीशी संबंध नाही, आपलं 'माफ करा, पण' तेवढंच. आणि एक खरं कारण जोडा, एकच, चार कारणं दिली की बहाणा वाटतो. त्या सहकाऱ्याला म्हणा, 'सॉरी, आयड रादर यू डिडन्ट. माय ऑफिस फाइल्स आर ऑन इट.' म्हणजे 'तुम्ही नाही घेतला तर बरं, ऑफिसच्या फायली आहेत त्यात.' हे डिडन्ट पण त्या 'काम होतं' मधलंच.