डॉलर-पौंडाचा रेट बिघडला तर परदेशी पैशावर चालणाऱ्या मिशनच्या, मदतीच्या कामाला खरंच फटका बसतो का?

बसतो, आणि चांगलाच बसतो. मी नगर जिल्ह्यात एका मिशन बोर्डिंगचे हिशोब बघायचो, तिथे बरीचशी ऊसतोडवाल्यांची पोरं, आणि बराचसा खर्च इंग्लंडमधल्या एका चर्चकडून यायचा. लोकांना वाटतं रुपया पडला की असल्या संस्था बुडतात, पण उलट आहे, रुपया पडला की आम्हाला जास्तच मिळायचे (हे कुणी उघड बोलत नाही म्हणा). गोची होते ती देणाऱ्याचं चलन पडलं की. 2016 च्या एप्रिलमध्ये पौंड 95 च्या आसपास होता, तो रेट धरून 9,000 पौंडांचं, म्हणजे साडेआठ लाखांचं बजेट पास झालं. जूनमध्ये ब्रेक्झिटचं, म्हणजे ब्रिटनने युरोपियन युनियन सोडायचं मतदान झालं, पौंड पडला आणि ऑक्टोबरात पैसे आले तेव्हा रेट 82. तिकडच्यांनी ठरलेले सगळे पौंड पाठवले, तरी आमच्या खात्यात 1 लाख 17 हजार कमी! आणि वेळ कुठली, तर दिवाळी झाली की आईबाप कोयते घेऊन कारखान्याकडे निघतात आणि पोरं बोर्डिंगला सोडतात, म्हणजे ताटं वाढायची तेव्हाच. पगार कापता येत नाहीत, लाईटबिल कापता येत नाही, मग आठवड्यातून दोनदा असलेली अंडी एकदाच झाली, किराणावाल्याची उधारी तीन महिने थकली. त्यात 8 नोव्हेंबरला नोटबंदी, ते जाऊ द्या.

तरी हे बाजाराचं झालं, त्यात कुणाला बोलणार. चीड येते ती म्यानमारची. मे 2008 मध्ये नर्गिस चक्रीवादळात तिथे जवळजवळ 1 लाख 38 हजार माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. तेव्हा मदतीचा डॉलर आला की आधी सरकारी बँकेत एका डॉलरला एक असं सर्टिफिकेट घ्यावं लागायचं आणि मग ते मोडून क्याट, म्हणजे तिथलं चलन. बाजारात डॉलरला 1,100 च्या आसपास क्याट मिळत होते, सर्टिफिकेटला 880 च्या आसपास, म्हणजे शंभरातले वीस डॉलर वाटेतच गायब. जुलैमध्ये यूएनच्या मदतकार्याचे प्रमुख जॉन होम्स यांनीच सांगितलं की असे 1 कोटी डॉलरच्या आसपास गेले. बाहेरून ताडपत्री आणली तर बिल डॉलरमध्येच, तिथे काही फरक नाही, मार बसतो तो मजुरी, होडीचं भाडं, बांबू असल्या गावातल्या खर्चाला.

आम्ही नंतर बजेटात पौंड चालू रेटपेक्षा दहा रुपये कमीच धरायला लागलो. रुपयांत आकडा कबूल करा असंही त्यांना विचारून बघितलं, नाही म्हणाले, आणि त्यांचंही बरोबरच, त्यांची वर्गणी पौंडातच जमते ना.